सूर्यास्तापूर्वीची पंगत

मुलांनो, तुम्ही पत्रात विचारलं आहे की घरी वीस-पंचवीस माणसं जेवायला बोलवायची तर तयारी कुठून सुरू करायची. या कामात आजीचा हात धरणारं जळगावात कोणी नव्हतं, असं तुमच्या आईनं तुम्हांला सांगितलेलं दिसतं. तिनं खोटं सांगितलेलं नाही. आमच्या घरच्या एका पंगतीचं नाव तर गावात कितीतरी वर्षं निघत असे. तयारी कशी करायची ते लिहितेच, पण त्या पंगतीचं पुढे काय झालं तेही लिहिते. तुमची आई तेव्हा सहा वर्षांची होती. तिला त्यातलं जेवण तेवढं आठवतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. तुमचे आजोबा जळगावला वकिली करत. मी धुळ्याची. माझे वडील शाळामास्तर होते. त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि लग्नाआधी दोन वर्षं मी धुळ्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. लग्न झालं, मुलं झाली, आणि ते सगळं बासनात बांधून ठेवल्यासारखं झालं. अशात जळगावातल्या काही व्यापाऱ्यांनी आणि वकील-डॉक्टरांनी मिळून मुलींसाठी इंग्रजी शाळा काढायचं ठरवलं. नऊ जणांची समिती झाली. तुमचे आजोबा तिचे चिटणीस, पण मत द्यायचा अधिकार फक्त त्या नऊ जणांना. शाळेला मुख्याध्यापिका हवी होती. तीन अर्ज आले. त्यातला एक माझा.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती हे आज सांगायला मला लाज वाटत नाही. दुपारी घर झोपलेलं असताना मी पहिल्या इयत्तेचं वेळापत्रक आखायची, खोडायची, पुन्हा आखायची. कुठला तास कुठे, कुठल्या मुलीला घरकामामुळे उशीर होईल, शिवणकाम शेवटी ठेवावं की मधे, सगळं. शाळा कशी चालवावी याबद्दल मी चार पानं इंग्रजीत लिहून काढली होती आणि आजोबांच्या कारकुनाकडून त्याच्या नऊ प्रती टाइप करून घेतल्या होत्या.

आजोबाच एक दिवस म्हणाले, "अगं, अर्जावर अर्ज वाचून माणूस कळतो का? त्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावू. आधी चहा, तासभर गप्पा. तू बोललीस की प्रश्नच उरणार नाही."

मला ते पटलं. मीच आनंदानं कामाला लागले.

आता तयारीचं. माझा पहिला नियम हा की पदार्थ ठरवायच्या आधी माणसं लिहून काढायची. कोण काय खात नाही, कोणाला दात नाहीत, कोणाचं कोणाशी पटत नाही. मी नऊ नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे टीप लिहिली. समितीचे अध्यक्ष कापसाचे मोठे व्यापारी होते, जैन, त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. ते कांदा-लसूण खात नसत, जमिनीखालचं काही खात नसत, आणि दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसत. दुसरे महत्त्वाचे गृहस्थ म्हणजे शिक्षणखात्यातले निवृत्त डेप्युटी. ते धुळ्याला राहत. त्यांच्या शब्दाला समितीत फार वजन होतं आणि त्यांनी धुळ्याला माझा वर्ग एकदा तपासलाही होता. या दोघांभोवती मी सगळा बेत रचला.

हिवाळ्याचे दिवस. जळगावात हिवाळ्यात पाहुणा आला की भरीत हे ठरलेलं. पण वांगं बहुबीज, तेही अध्यक्षांना चालत नव्हतं आणि कांद्याच्या पातीशिवाय भरीत ते काय? रशी, म्हणजे आमची झणझणीत आमटी, करावी तर तीही लसणाशिवाय होत नाही. म्हणून मी खापरावरचे पुरणाचे मांडे ठरवले. बरोबर दूध, तूप, कढी, भात, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, कुरडया, लिंबाचं लोणचं. कढीत आलंसुद्धा नाही, सुंठ.

माझ्या सासूबाई चोपड्याकडच्या खेड्यातल्या. त्यांची बोली शेवटपर्यंत अहिराणी राहिली. मी त्यांना आत्या म्हणे. माझा कागद पाहून त्या हसल्या. "हाई पंगत शे का परीक्षा?" त्यांनी विचारलं.

"परीक्षाच आहे, आत्या," मी म्हटलं.

"मंग पेपर तू देनार का मांडा देनार?"

मी हसण्यावारी नेलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांना जे दिसत होतं ते मला त्या वेळी दिसलं नाही.

मांडे तुम्ही पाहिलेले नाहीत, म्हणून सांगते. वस्त्रगाळ कणीक पाण्यात इतकी सैल मळायची की ती हातावरून ओघळेल असं वाटावं. तिच्यात पुरण भरायचं, थोडं लाटायचं आणि मग पोळपाट सोडून दोन्ही हातांवर घ्यायचं. मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत ते आपल्याच वजनानं वाढू द्यायचं. सुपाएवढं झालं की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचं. हात जरा थबकला की फाटतं. एकदा मांडा हातावर घेतला की बाई मधे उठू शकत नाही, बोलू शकत नाही, डोळ्यांवर आलेली बटसुद्धा मागे सारू शकत नाही. आणि मांडा गरमच वाढायचा असतो. म्हणजे पंगत बसली की करणारीनं खापर सोडायचं नाही.

हे काम माझ्याकडे येऊ नये म्हणून मी पहूरहून एक अक्का बोलावली होती. लग्नाकार्यांत मांडे करणारी, पन्नाशीची, हात मोठे निबर. माझा हिशेब असा होता. डेप्युटींची गाडी तीनला येईल. सव्वातीनला चहा. तासभर मी बाहेरच्या खोलीत बसेन, बोलेन, विचारतील त्याची उत्तरं देईन. सव्वाचारला पंगत, अक्का एका खापरावर सावकाश मांडे करेल, आणि मी बाहेरच वाढण्यावर लक्ष ठेवत बोलत राहीन. पावणेसहाला सगळे उठतील. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. अध्यक्षांना पाणी प्यायलासुद्धा पंधरा मिनिटं राखून ठेवली होती.

माझा दुसरा नियम, प्रत्येक मोडणाऱ्या वस्तूची जोडी ठेवावी. मातीचं खापर ऐन वेळी तडकतं. म्हणून मी एक जास्तीचं खापर आणून, तापवून, तयार ठेवलं होतं. दुसरी चूलही मांडून ठेवली होती. याचा मला फार अभिमान वाटला होता.

आठ जण वेळेवर आले. डेप्युटी आले नाहीत. धुळ्याहून येणाऱ्याला चाळीसगावला गाडी बदलावी लागते. तिथे त्यांची गाडी चुकली होती, हे आम्हांला नंतर कळलं. आजोबा टांगा घेऊन स्टेशनवर गेले ते तिथेच थांबले. यजमान घरात नाही, मुख्य पाहुणा नाही, अशा वेळी आठ पुरुषांपुढे एकटीनं बसून शाळेबद्दल बोलावं, एवढं धाडस माझं झालं नाही. आज वाटतं, करायला हवं होतं. मी चहा आत-बाहेर करत राहिले. मंडळी कापसाच्या भावाबद्दल बोलत होती. माझी चार-चार पानं मी प्रत्येकाच्या खुर्चीजवळच्या तिवईवर ठेवली होती. त्यांवर बशा ठेवल्या गेल्या.

डेप्युटींना घेऊन टांगा दारात आला तेव्हा पाच वाजायला आले होते.

समितीतले डॉक्टर म्हणाले, "चला, आता आधी पंगत. शेठजींचा सूर्य थांबायचा नाही."

अध्यक्ष हसून म्हणाले, "माझा राहू द्या डॉक्टर, तुमचा जठराग्नीही थांबेलसं दिसत नाही."

मी स्वयंपाकघरात धावले. अक्कानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

"बाई, येक खापर, दोन हात. दिवस बुडाना पहिले इतला मांडा नही व्हतस," ती म्हणाली.

नऊ पाहुणे, आजोबा धरून दहा. माणशी दोन मांडे, आग्रहाचा एखादा. एका मांड्याला अडीच-तीन मिनिटं. गणित मला चांगलं येत होतं. एका खापरावर ते होत नव्हतं. दोन खापरांवर होत होतं. आणि दुसरं खापर तयार होतं, दुसरी चूल तयार होती, आणि मला मांडे येत होते. माहेरी आईनं शिकवले होते.

सासूबाई पाटावरून उठल्या. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि हात कापत. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "तू जाय बाहेर. मी बसस आठे."

"आत्या, तुमच्या हातून फाटतील."

"फाटूदे. फाटका मांडा वाढा म्हनीसन कोनी फाशी देत नही. तू जाय, तुले बोलनं शे ना त्यासनासंगे?"

मुलांनो, त्या बाईनं मला घरात आल्यापासून फार गोड वागवलं होतं असं नाही. पण त्या दिवशी त्या घरात माझ्या बाजूची ती एकटीच होती. तिनं मला दाराकडे ढकललंसुद्धा. आणि मी गेले नाही. माझ्या पंगतीत, केळीच्या पानावर, अध्यक्षांच्या पुढे फाटका मांडा पडलेला माझ्या डोळ्यांपुढे आला आणि ते मला सहन होईना. मला वाटलं, पंगत बिघडली तर माझीच शोभा होईल. मला वाटलं, आधी हे नीट पार पडू दे, बोलायला पंगतीनंतर वेळ काढू. मी बांगड्या वर सारल्या आणि दुसऱ्या खापराशी बसले.

मांडे उत्तम झाले. एकही फाटला नाही. मी आणि अक्का आळीपाळीनं सोडत होतो, सासूबाई घडी घालून ताटात देत होत्या, शेजारच्या काकू बाहेर नेऊन वाढत होत्या. स्वयंपाकघर आणि पंगत यांच्यामध्ये एक पातळ पडदा. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"हा माझा तिसरा," डॉक्टर म्हणाले.

"चौथा आहे. मी वकील आहे, माझी साक्ष घ्या," हे आजोबा.

"कुठून आणली हो ही आचारीण?" कोणीतरी विचारलं.

"आचारीण कसली," आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, ते मला आतही कळलं. "आमची मंडळीच बसलीय खापराशी."

अक्काचं नाव निघालं नाही. निम्मे मांडे तिचे होते. मला ते ऐकून बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. धुरानं डोळे चुरचुरत होते, हातांवरची लव जळत होती, आणि मला बरं वाटलं.

मग डेप्युटी म्हणाले, "म्हणजे अर्ज केलाय त्याच ना? धुळ्याला मी यांचा वर्ग पाहिलाय. चांगला होता."

मी हातावर मांडा घेतलेला होता.

अध्यक्ष म्हणाले, "पण वकीलसाहेब, खरं सांगा हं. वहिनी सकाळी दहाला शाळेत निघाल्या, तर या घराचं काय?"

हा प्रश्न त्यांनी थट्टेत विचारला की खरा विचारला हे मला आजही ठरवता येत नाही. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. अशा प्रश्नाचं कसंही उत्तर देता येतं आणि ज्या रंगाचं उत्तर येईल त्या रंगाचा तो प्रश्न होतो. "घराचं मी पाहीन," एवढं आजोबा म्हणाले असते तर पुरे होतं. "आई आहे घरी," म्हणाले असते तरी चाललं असतं.

आजोबा म्हणाले, "घराचं काय व्हायचं? उपाशी मरू आम्ही!"

सगळे हसले. मोठ्यानं, पोट भरलेली माणसं हसतात तसे.

"मग वहिनी, तुम्ही ऐकताय ना?" अध्यक्षांनी पडद्याकडे तोंड करून आवाज दिला. "आम्ही अहिंसावाले. कुणाला उपाशी मारण्याचं पाप आम्हांला चालत नाही!"

पुन्हा हशा. डेप्युटीही हसले. त्यांचं हसणं मी वेगळं ओळखलं, कारण त्यांना खोकला होता.

सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. अक्कानं मान खाली घातली. माझ्या हातावरचा मांडा पूर्ण वाढला होता. मी तो खापरावर सोडला.

पावणेसहाला पंगत उठली. अध्यक्षांनी पाणी घेतलं तेव्हा उन्हाची तिरीप अजून अंगणातल्या भिंतीवर होती. असं वेळेत कुठे होत नाही, असं ते दोनदा म्हणाले. विडे झाले. मी हात धुऊन, पातळ बदलून बाहेर आले, तर प्रत्येकानं उभं राहून माझं कौतुक केलं. कोणी विचारलं की कणीक कशी मळता. कोणी म्हणालं की आमच्या घरच्यांना पाठवतो, शिकवा. मी शाळेचा विषय काढला. म्हटलं, "वेळापत्रकाचा एक विचार मी कागदावर..." डॉक्टर म्हणाले, "वाचू, वाचू. आज मांड्यांवर दुसरं काही नको." डेप्युटींना परतीची गाडी गाठायची होती. पाहुणे गेल्यावर मी खुर्च्या आवरल्या. कागदांच्या नऊच्या नऊ जुड्या जागेवर होत्या. बशांचे ओले गोल वाळले होते. एकाही जुडीचं पहिलं पान उलटलेलं नव्हतं.

आजोबा खुशीत होते. "काय रंगली पंगत!" ते म्हणाले. "आता काळजी करू नकोस."

दहा-बारा दिवसांनी समितीच्या सभेचा वृत्तान्त माझ्या हाती आला. चिटणीस म्हणून आजोबांनीच तो स्वतःच्या हातानं लिहिलेला होता. पहिल्या ठरावात आमच्या आदरातिथ्याबद्दल आभार मानले होते. तिसऱ्या ठरावात पुण्याच्या एका बाईंची नेमणूक केली होती, कारण त्यांना "घरची जबाबदारी नाही". माझ्यापेक्षा त्या एक परीक्षा अधिक शिकलेल्या होत्या. पण ते कारण कोणी दिलं नव्हतं.

त्या बाई आल्या तेव्हा त्यांच्या स्वागताचं जेवण कुठे करावं, असा प्रश्नही कोणाला पडला नाही. आमच्याकडे झालं. मी माणसं लिहून काढली, टिपा केल्या, सगळं वेळेवर झालं. त्या बाई सालस होत्या. त्यांनी शाळा चांगली चालवली. तुमची आई त्यांच्याच हाताखाली शिकली, आणि आज ती तिकडे परदेशात शिकवते, यात त्यांचा मोठा वाटा आहे. मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द लिहिणार नाही. लिहावा असा एकही शब्द त्यांनी मला दिला नाही, याचाच मला कित्येक वर्षं राग होता.

समितीची वार्षिक सभाही पुढे आमच्या घरी होऊ लागली. दर हिवाळ्यात. दर वेळी अक्का यायची आणि दर वेळी मी दुसऱ्या खापराशी बसायची. नाही म्हणता आलं असतं. पण जे काम आपण चांगलं करतो ते वाईट करून दाखवणं मला कधी जमलं नाही आणि सोडून देणंही जमलं नाही. या गुणाचं लोक फार कौतुक करतात. तुमच्या अंगात तो असेल तर त्याच्यापासून जपून राहा.

त्या पंगतीबद्दल मी आजोबांना लगेच काही विचारलं नाही. विचारायचं म्हणून मनात जुळवलेली वाक्यं वर्षावर वर्षं तशीच राहिली. सासूबाई गेल्या. जाण्याआधी एकदा त्यांनी आपण होऊन विषय काढला होता. म्हणाल्या, "तू उठनी नही त्या दिवशी." एवढंच. त्यांनी मुलाला दोष दिला नाही, मला दिला. मला ते न्यायाचं वाटलं नाही, आणि चूक आहे असंही म्हणता आलं नाही.

शेवटी मी आजोबांना विचारलं ते देश स्वतंत्र व्हायच्या वर्षी, उन्हाळ्यात. त्यांनी वकिली कमी केली होती. दुपारी ओसरीवर पानं लावत बसले होते. मी म्हटलं, "अहो, ती शाळेच्या समितीची पहिली पंगत आठवते?"

"न आठवायला काय झालं? डेप्युटींची चाळीसगावला गाडी चुकली होती. डॉक्टरांनी पाच मांडे खाल्ले."

"शेठजींनी विचारलं होतं, मी शाळेत गेले तर घराचं काय. तुम्ही काय उत्तर दिलंत?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठी घालून, कात हातात धरून, बराच वेळ. "असं विचारलं होतं का त्यांनी?" ते म्हणाले.

मी त्यांना त्यांचं उत्तर सांगितलं. शब्दाला शब्द.

त्यांनी हातातला कात पानावर ठेवला. मग म्हणाले, "थट्टेत बोललो असेन. त्यावर का कोणी नेमणुका करतं? आणि तुला इतकं लागलं होतं तर तेव्हाच बाहेर येऊन बोलायचं होतंस. मी का तुला अडवलं असतं?"

नसतं अडवलं. ते तसे नव्हतेच. मी बाहेर आले असते, तर त्यांनी बाजूला सरून मला पाट दिला असता, आणि कदाचित अभिमानानं इकडे-तिकडे पाहिलंही असतं. हे मला माहीत होतं. त्या वेळी माझ्या हातावर मांडा होता आणि तो फाटू द्यायची माझी तयारी नव्हती. एवढंच उत्तर होतं. ते मी त्यांना दिलं नाही. त्यांनी पान लावून पुढे केलं, आणि मी ते घेतलं.